सेकंड शिफ्टचं हवामान

हे मी लिहावं की नाही, याचा विचार करण्यात बरेच दिवस गेले. आठवणी लिहाव्यात असं माझं वय नाही. विषय हवामानाचा, आणि त्यातलं माझं शिक्षण म्हणजे बारावीचा भूगोल. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं तपासून देणारं घरात कोणी नाही आणि बाहेर कोणाला दाखवायला संकोच वाटतो. तेव्हा जिथे चुकेल तिथे वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण गेल्या उन्हाळ्यात एका लहानशा वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात जे झालं ते मी अगदी जवळून पाहिलं, आणि ते सांगायचं राहून गेलं तर मला चैन पडणार नाही.

आम्ही थेरगावला राहतो, डांगे चौकाच्या मागच्या बाजूला. पप्पा तरुणपणी मराठवाड्यातून इकडे आले आणि चाकणच्या एका कंपनीत हीट ट्रीटमेंटला लागले. गाड्यांचे गिअर तिथे भट्टीत लालभडक करतात आणि तसेच तेलात बुडवतात, मग ते टणक होतात. मी पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि चिंचवड स्टेशनजवळच्या एका स्थानिक दैनिकात शिकाऊ म्हणून जात होतो. पगार म्हणावा असं काही मिळत नव्हतं. नाव छापून येण्याची आशा होती, तीही लवकर पुरी होईल असं दिसत नव्हतं.

पहिल्या पानाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात हवामानाची चौकट असायची. ऑफिसात जो सर्वांत नवा, त्याच्याकडे ती द्यायची पद्धत होती. त्या कामाला सगळे ‘पारा लावणं’ म्हणत. संध्याकाळी मुख्य उपसंपादक आपल्या खुर्चीतूनच विचारायचे, “पारा लावला का रे?” मग मी संकेतस्थळावरून पुण्याच्या वेधशाळेचं कमाल आणि किमान तापमान उतरवून घ्यायचो. आकडा कालच्यापेक्षा जास्त असला की बातमी ‘पारा चढला’, कमी असला की ‘पारा घसरला, नागरिकांना दिलासा’. सोबत फोटो ठरलेले: तोंडाला स्कार्फ बांधून स्कूटीवर निघालेल्या मुली, नाहीतर रसवंतीसमोरची गर्दी. एकदा मी भीत भीत विचारलं की दिलासा लिहिण्याआधी कोणाला तरी फोन करून खात्री करायची का. ते हसले. “हवामानाला डोकं लावायचं नसतं बाळा, फक्त क्रियापद लावायचं असतं.”

ते मनाने चांगले होते. रोज बारा पानं भरायची म्हटल्यावर माणूस असंच बोलणार.

आता घरातलं सांगतो. त्याच्या आदल्या वर्षी मे महिन्यात पप्पा भट्टीसमोर चक्कर येऊन पडले होते. शेजारच्या भट्टीवरच्या काकांनी त्यांना वेळेवर मागे ओढलं म्हणून भाजलं नाही. सलाईन लागलं, दोन दिवस घरी राहिले आणि परत कामावर गेले. पप्पा त्याबद्दल फारसं बोलत नसत. आई तर अजिबात बोलत नसे. पण पप्पांची दुपारपासून रात्रीपर्यंतची सेकंड शिफ्ट असली की दुपारचा डबा भरताना तिचे हात जोरजोरात चालायचे, डब्याची झाकणं आपटली जायची, आणि घरातल्या सगळ्यांना कळायचं.

अडचण अशी होती की सेकंड शिफ्ट सुरू झाली की थोड्याच वेळात तापलेले गिअर काढायला भट्टीचं दार उघडावं लागायचं. गिअरचा लॉट त्याच रात्रीच्या गाडीने ग्राहक कंपनीकडे जायचा असायचा. त्या वेळेला पत्र्याचं शेड दिवसभर तापून राहिलेलं असतं. वरून पत्रा, समोरून भट्टी. हीट ट्रीटमेंटच्या लोकांचं म्हणणं एवढंच होतं की एप्रिल-मे पुरतं दार सूर्य मावळल्यावर उघडू द्या, लॉट आम्ही रात्रीतून पुरा करून देतो. ते सांगायला चौघे जण प्लांट मॅनेजरांकडे गेले. पप्पा त्यात होते.

मॅनेजरांनी त्यांना बसवलं, चहा मागवला. मग टेबलावरचा पेपर त्यांच्याकडे फिरवला. तो आमचाच पेपर होता. चौकटीत मीच उतरवलेला आकडा होता आणि वर मथळा होता, ‘पारा घसरला, शहराला दिलासा’.

“हे बघा, मी म्हणत नाही, पेपर म्हणतोय,” ते म्हणाले. “उष्णतेची लाट आली की आपण जरूर विचार करू.”

त्या रविवारी शेजारच्या भट्टीवरचे ते काका आमच्याकडे आले होते. ते मूळचे चाकणजवळच्याच गावचे, आता राहायला आमच्याच भागात, चांगले उंचेपुरे, जमिनी कंपन्यांत गेलेल्या शेतकरी घरातले. मी बाहेरच्या खोलीत अभ्यासाचं पुस्तक उघडून बसलो होतो. त्यांनी बूट काढता काढताच सुरुवात केली.

“काय पत्रकार, तुमचा दिलासा आमच्या शेडपातुर काय पोचला न्हाई राव.”

“त्याला कशाला बोलायलास?” पप्पा म्हणाले. “आकडा हवामान खात्याचा असतो. पोरगं नुसतं उतरवून घेतंय.”

“व्हय, आकडा खात्याचा. आन् दिलासा कुणाचा?”

पप्पा हसले. काकाही हसले आणि दोघं मग बोनसच्या गोष्टी बोलू लागले. मला मात्र पुस्तकातली पुढची ओळ वाचता येईना. आकडा वेधशाळेचा होता, खरा होता. दिलासा आम्ही ऑफिसात बसून लावलेला होता. आणि त्या शब्दामुळे माझे वडील आणखी एक उन्हाळा भर दुपारी भट्टीसमोर उभे राहणार होते.

दुसऱ्या दिवशी मी संपादकांच्या केबिनबाहेर बराच वेळ उभा होतो. सर बडीशेप खात प्रूफं वाचत होते. शेवटी त्यांनीच काचेतून हाताने बोलावलं.

“सर, एक विचारायचं होतं.”

“विचार. आणि बस आधी, तू उभा राहिलास की मला वाटतं राजीनामा द्यायला आलायस.”

मी सगळं सांगितलं. मला सरळ सांगता आलं नाही, मधेच चक्कर, मधेच मॅनेजर, मधेच काका असं झालं. त्यांनी ऐकून घेतलं.

“आकडा चुकीचा होता का?”

“नाही सर.”

“मग तक्रार काय आहे?”

“दिलासा कोणाला, हे आपण कोणालाच विचारत नाही सर.”

त्यांनी प्रूफं बाजूला सारली. मग म्हणाले, “आधी एक गोष्ट ठरवून टाकू. तुझ्या वडिलांच्या कंपनीबद्दल तू एक ओळसुद्धा लिहायची नाही. त्यांच्या मागणीबद्दल नाही, त्या मॅनेजरबद्दल नाही. घरचा माणूस असेल तिथली बातमी आपण करत नसतो.”

माझा चेहरा पडला असावा, कारण ते जरा मऊ झाले.

“पण ऊन काही तुझ्या वडिलांचं एकट्याचं नाही. ते नीट लिही. वेधशाळेला फोन कर. नाही, फोन नको. जाऊन ये.”

असा मी पुण्याला वेधशाळेत गेलो. दारावरच्या सुरक्षारक्षकाने कोणाकडे काम आहे विचारल्यावर मी वहीत लिहून आणलेलं नाव वाचून दाखवलं. ज्या हवामानशास्त्रज्ञ मॅडमनी वेळ दिली होती, त्यांनी मी बसण्याआधीच विचारलं, “डेडलाइन किती वाजता?”

“आज नाहीये मॅडम.”

“मग कशासाठी आलात?”

“समजून घ्यायला.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “चहा घेणार का?”

चहानंतर त्या मला मागच्या हिरवळीवर घेऊन गेल्या. तिथे चार पायांवर उभी एक पांढरी लाकडी पेटी होती, चारी बाजूंनी खिडकीच्या झडपांसारख्या पट्ट्या लावलेली. आत तापमापक. त्या म्हणाल्या, “याच्या आत उन्हाची तिरीपसुद्धा जात नाही, वारा मात्र खेळतो. तुम्ही छापता तो आकडा या पेटीतला. सावलीतला, वाऱ्यातला, गवतावरचा. सगळीकडे असंच मोजायचं म्हणून असं. त्याशिवाय नागपूरची हवा आणि पुण्याची हवा शेजारी ठेवता येणार नाही, आणि आजची आणि माझ्या आजोबांच्या वेळची तर नाहीच नाही. हा आकडा हवेचा आहे. माणसाला काय होतंय ते हा एकटा सांगू शकत नाही.”

मी त्या मथळ्याची गोष्ट सांगितली. त्यांनी त्या तारखेची नोंद संगणकावर काढून पाहिली आणि मान हलवली. त्या दिवशी ढग आणि समुद्राकडचा दमट वारा आला होता, म्हणून तापमान उतरलं होतं. पण हवेत ओल असली की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड कसं होणार? रात्रही गरम होती. “तुमच्या वडिलांना त्या दिवशी आदल्या दिवसापेक्षा जास्त त्रास झाला असणार,” त्या म्हणाल्या. “पारा घसरला हे खरं. दिलासा मिळाला हे कोणी सांगितलं?”

काकांनी तेच विचारलं होतं, हे मी त्यांना सांगितलं. त्या मोठ्याने हसल्या.

मग त्यांनी पत्रकारांविषयीची आपली गाऱ्हाणी सांगितली आणि मी खाली मान घालून ऐकली. प्रत्येक उन्हाळ्यात संध्याकाळी फोन येतो, मॅडम, एका वाक्यात सांगा, हे हवामानबदलामुळेच ना? “मी म्हणते, एका दिवसावर शिक्का मारू नका. पण असे दिवस वरचेवर यायला लागलेत, रात्री पूर्वीसारख्या निवत नाहीत, हे आमच्या नोंदींत दिसतं, ते लिहा. तर म्हणतात, मग हो लिहू की नाही?” शक्यता हा शब्द तर पेपरवाल्यांना सोसतच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या अंदाजात ‘काही ठिकाणी शक्यता’ असतं आणि सकाळच्या पेपरात ‘झोडपणार’ होऊन येतं.

निघता निघता त्यांनी पप्पांच्या कामाच्या वेळा विचारल्या. मी फर्स्ट, सेकंड, थर्ड समजावून सांगितलं. कंपनीत दिवस सकाळी फर्स्टला सुरू होतो आणि थर्ड सुटेपर्यंत तारीख बदलत नाही, हेही सांगितलं. त्यांना फार गंमत वाटली. “आमचा पावसाचा दिवसही तसाच. सकाळी साडेआठला सुरू, दुसऱ्या दिवशी साडेआठला बंद. म्हणजे आम्हीही कंपनीतलेच म्हणायचे.”

परत येताना मेट्रोत मला उभ्याला जागा मिळाली होती. नाशिक फाट्याच्या आसपास माझ्या डोक्यात ते आलं. आमच्या गावात सकाळ, दुपार, संध्याकाळ असा दिवस जगतो कोण? लग्नाची वेळ ठरवतानासुद्धा लोक विचारतात, त्या आठवड्यात पोराच्या मामाची शिफ्ट कुठली आहे. मग आमचं हवामान कमाल आणि किमान असं का छापायचं? तीन ओळी लिहायच्या, तिन्ही शिफ्टच्या.

उतरेपर्यंत मला भीती वाटत होती की हे फारच साधं आहे, म्हणजे नक्कीच कोणीतरी आधी करून सोडून दिलं असणार.

सरांना ते आवडलं. मुख्य उपसंपादकांना नाही. “आणि मथळ्यात काय घालू? पारा काढलास तर काय, थर्मामीटर घालू?” शेवटी महिनाअखेरपर्यंत करून पाहायचं ठरलं. मॅडमनी रोज दुपारी अंदाज समजावून सांगायचं कबूल केलं, एका अटीवर: त्यांनी ‘कदाचित’ म्हटलं असेल तिथे मी ‘नक्की’ लिहायचं नाही.

पहिल्या दिवशीची चौकट मला पाठ आहे. ‘फर्स्ट: दहापर्यंत बरं. त्यानंतर पत्र्याखाली असाल तर तहान लागायची वाट पाहू नका, पाणी पीत राहा. सेकंड: सुरुवातीचे तास सर्वांत कठीण. आकडा कालइतकाच, पण हवा दमट आहे, घाम वाळणार नाही. थर्ड: रात्रही गरम. उद्या दिवसा झोपणाऱ्यांची झोप नीट होणार नाही, हे धरून चाला.’

माझं नाव कुठेच नव्हतं. तरी मी त्या सकाळी डांगे चौकात पेपरच्या ढिगाजवळ उगाचच उभा राहिलो.

पावसाचं लिहिणं जास्त अवघड गेलं. एप्रिलमधला वळीव कधी येईल, कुठे येईल, हे कोणालाच नेमकं सांगता येत नाही, म्हणून मी पावसाची शक्यता टक्क्यांत लिहायचो. एका दुपारी पप्पांसोबत कंपनीच्या बसची वाट पाहत थांबलो होतो, तेव्हा काकांनी मला पकडलं.

“पत्रकार, साठ टक्के पाऊस म्हंजी किती रं? गुडघ्यापातुर?”

बसथांब्यावरचे सगळे हसले. मी म्हणालो, “काका, समजा असेच दहा दिवस आले, अशीच हवा, असेच ढग. त्यातले सहा दिवस पाऊस येणार, चार दिवस नुसतं भरून येऊन जाणार.”

“म्हंजी दहात चार रिजेक्ट.”

“हो. तसंच.”

“मग तसं लिव्ह की. टक्के कशाला लिव्हतो, आमाला काय परीक्षेला बसायचंय?”

दुसऱ्या दिवसापासून मी तसंच लिहू लागलो. दहा दिवसांत सहा दिवस येतो, चार दिवस हुलकावणी देतो. आणि अर्थातच लगेच हुलकावणीचा दिवस आला. सेकंडला पावसाची बरीच शक्यता आहे असं छापलं आणि थेंब पडला नाही. संध्याकाळी छत्र्या बगलेत मारून बसमधून उतरलेल्या फर्स्टच्या लोकांनी मला पाहिलं.

“काय राव, तुझा पाऊस कुठं अडकला, मोशीच्या सिग्नलला?”

“सोड रे त्याला, पाऊस ओव्हरटाइमला थांबला असेल.”

त्या दिवशी मी फार खचलो. ऑफिसात सरांना म्हणालो की पाऊस आपण काढून टाकू या. ते म्हणाले, “काढायचा नाही. उद्याच्या चौकटीत खाली एक ओळ घाल. काल काय म्हणालो होतो आणि काय झालं.”

“आपण चुकलो हे रोज छापायचं?” मुख्य उपसंपादकांनी विचारलं.

“चुकलो कुठे? चारांतला दिवस होता. तेच छापा.”

ती ओळ आम्ही रोज द्यायला लागलो, अंदाज बरोबर आला तरी आणि हुकला तरी. मला वाटलं होतं लोक थट्टा करतील. थट्टा केलीच. पण गंमत अशी झाली की लोक ती ओळच आधी वाचू लागले, क्रिकेटचा निकाल वाचल्यासारखी. आणि निकाल रोज समोर दिसतोय म्हटल्यावर वरच्या तीन ओळींवरही त्यांचा विश्वास बसत गेला. वितरकाने कळवलं की कंपन्यांच्या बसथांब्यांजवळचे विक्रेते जास्त प्रती मागतायत. भोसरीतल्या एका पॅकिंग युनिटच्या बायकांनी ऑफिसात फोन करून सांगितलं की आमचं जेवणाचं शेडही पत्र्याचं आहे, आमच्यासाठीही लिहा. पिंपळे गुरवच्या एका नर्सबाईंनी विचारलं की थर्डच्या ओळीत हॉस्पिटलवाले धरले आहेत का. मी त्यांना म्हणालो, आजपासून धरले. काही कंपन्यांत शिफ्ट सुरू होताना सगळ्यांना उभं करून पाच मिनिटं सुरक्षेच्या सूचना देतात, त्यात आमची चौकट वाचून दाखवू लागले. महिना संपला आणि चौकट राहणार की जाणार हे विचारायचंसुद्धा सगळे विसरून गेले.

घरी मात्र काहीच बदललं नव्हतं. एक दिवस पप्पा पोटऱ्यांत गोळे येऊन परतले. सकाळी आईने माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, “तुझ्या पेपरात छापून आलं म्हणून ऊन कमी होतंय का रे?”

पप्पा आतून म्हणाले, “कमी नाही होत. पण उद्या कसं आहे ते आज कळायलंय. मीठ-साखरेचं पाणी नेलं नसतं तर काल पुन्हा पडलो असतो.”

“म्हणजे पडायची वेळ आलीच होती ना,” आई म्हणाली.

मी ऑफिसला गेलो. त्या दुपारी मॅडमनी सांगितलं की पुढचे काही दिवस आकडा खाली येईल आणि हवा आणखी दमट होईल. म्हणजे अगदी त्या दिलासावाल्या दिवसासारखंच. मी तिन्ही ओळी लिहिल्या आणि मुख्य उपसंपादकांच्या टेबलावर नेल्या. तापमान कमी, त्रास जास्त, असं सेकंडच्या ओळीत लिहिलं होतं. त्यांनी सवयीने मथळा टंकला, ‘पारा घसरला’, आणि पुढे स्वल्पविराम देऊन थांबले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, ती ओळ खोडली आणि लिहिलं, ‘आकडा उतरला, पण काम सोपं नाही’. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “हं, घे. डोकं लावलं आज.”

तो मथळा पहिल्या पानावर मोठा लागला. माझ्या आयुष्यात परीक्षेचा निकालही मला एवढा गोड लागला नव्हता.

तो पेपर आला त्याच दिवशी चौघे जण पुन्हा मॅनेजरांकडे गेले. काय झालं ते पप्पांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. यांनी पेपर सोबत नेला होता, पण तो उघडावा लागला नाही. मॅनेजरांच्या टेबलावर तो होताच, आणि त्यांनी तो वाचलेला होता. ते म्हणाले, मागच्या वेळी मी तुम्हाला हाच पेपर दाखवला होता, बरोबर? मग ते काही वेळ ओळी पुन्हा वाचत राहिले. दाराची वेळ बदलणं आपल्या एकट्याच्या हातात नाही, रात्रीची गाडी उशिरा काढायला ग्राहक कंपनी तयार झाली पाहिजे, मी बोलून बघतो, असं त्यांनी सांगितलं. निघताना त्यांनी विचारलं, “हे लिहितं कोण? हवामान खात्यातलं कोणी आहे का?”

“मग तुम्ही काय सांगितलंत?” मी विचारलं.

“काही नाही. माहीत नाही म्हणलो.”

मला खरं सांगायचं तर वाईट वाटलं. ते पप्पांना दिसलं असावं. डब्याचं झाकण लावत ते म्हणाले, “तुझं नाव घेतलं असतं तर ते हवामान राहिलं नसतं लेका. माझं घरचं गाऱ्हाणं झालं असतं.” आणि ते बस पकडायला निघून गेले. पत्रकारितेच्या वर्गात तीन वर्षं बसून मला जे समजलं नव्हतं, सरांनी सांगूनही जे पुरतं पटलं नव्हतं, ते त्या क्षणी पटलं.

पुढचे दिवस आम्ही वाट पाहिली. मॅनेजर रजेवर गेले, परत आले. ग्राहक कंपनीचा माणूस येऊन गेला म्हणे, काय ठरलं कोणाला माहीत नव्हतं. काका बसथांब्यावर रोज विचारायचे, “आमच्या दाराचा अंदाज काय पत्रकार? दहात किती?” मी म्हणायचो, त्याचा अंदाज खात्याकडे नाही. आई डबा भरत होती, झाकणं आपटत होती. मी रोज तिन्ही शिफ्टच्या ओळी लिहीत होतो, आणि सेकंडची ओळ लिहिताना मला भट्टीच दिसायची. ती ओळ मी एकदाही उगाच भडक केली नाही, हे मला नमूद करावंसं वाटतं. मोह फार झाला होता.

मग एका दुपारी उशिरा, उन्हं अजून खिडकीतून थेट टेबलावर येत होती, मी उद्याची चौकट लिहीत बसलो होतो, तेव्हा रिसेप्शनच्या ताईंनी हाक मारली. “अरे, लँडलाइनवर कोणीतरी आहे. चाकणहून. नाव सांगत नाहीत, हवामानवाल्या पोराला द्या म्हणतायत.”

मी फोन घेतला. कंपनीत मोबाइल गेटवर जमा करावे लागतात, त्यामुळे कामाच्या वेळेत पप्पांचा फोन कधीच येत नसे. पण आवाज त्यांचाच होता.

“काय झालं पप्पा? बरं आहे ना?”

“बरं आहे. काय करायलास?”

“उद्याचं लिहितोय. तुम्ही कुठून बोलताय?”

“सिक्युरिटीच्या केबिनमधून. पेपरवरचा नंबर बघून लावला.” मागे काकांचा आवाज येत होता, कोणालातरी चहा सांगत असावेत. “ऐक. नोटीस लागली बोर्डावर. ग्राहक हो म्हणला. गाडी उशिरा निघणार. सेकंडला दार सूर्य मावळल्यावर उघडायचं, पावसाळा लागेपर्यंत.”

“कधीपासून?”

“आजपासून. आत्ता बंदच आहे दार. म्हणून तर फोन करायला आलोय.”